बारावीनंतर कलेचा इतिहास शिकायचाय? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी सुरुवातीपासून

बारावीचा निकाल लागला की ठरलेला प्रश्न येतो, "दादा, मला लेण्या, मंदिरं, जुनी चित्रं बघायला लई आवडतं, पण त्यात डिग्री असते का, आणि असली तर घरी काय सांगू?" डिग्री असते. घरी काय सांगायचं तेही खाली आहे, पण आधी हे सगळं नेमकं काय असतं ते समजून घ्या, कारण अर्धे लोक इथंच गल्लत करतात.

आधी हे क्लिअर करा: इथं चित्र काढायचं नसतं

कलेचा इतिहास म्हणजे चित्रकला नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत तुम्हाला सी मिळाला होता का ए, याने फार फरक पडत नाही. या विषयात तुम्ही बघता आणि लिहिता, बस. कोणी बनवलं, कधी, कोणाच्या पैशावर, कशापासून, कोणासाठी, आणि हे असंच का दिसतं, दुसऱ्या कशासारखं का दिसत नाही, एवढे प्रश्न चार वर्षं उलटेपालटे करून विचारायचे. फाइन आर्ट्स कॉलेजात हा कोर्स असला तर पहिल्या वर्षी थोडं प्रॅक्टिकल करावं लागतं, रेघा मारा, माती कालवा वगैरे, ते चांगलंच आहे कारण दगडाला छिन्नी लावल्याशिवाय दगड किती हट्टी असतो ते कळत नाही. पण मुख्य काम वाचनाचं आणि लिखाणाचं. ज्याला पानभर लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो त्याने अजून एकदा विचार करावा, आणि ज्याला गाइड सांगायला लागला की "हे कशावरून?" असं विचारावंसं वाटतं त्याने पुढं वाचावं.

इतिहास विषय घेऊन बीए करण्यापेक्षा हे वेगळं कसं, तर इतिहासवाल्याचा पुरावा बहुतेक कागदावर किंवा शिलालेखात असतो आणि आपला पुरावा ती वस्तूच असते. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन अभ्यासक होऊन गेले, कित्येक दशकं अजिंठ्याला येत राहिले. त्यांनी काय बघितलं, तर लेण्यांच्या दारांच्या फळ्या ज्या भोकात फिरायच्या ती भोकं. ती कोणत्या पद्धतीने कोरलीत, कुठं पद्धत बदलली, कुठलं काम अर्धवट सोडून दिलंय, यावरून त्यांनी मांडलं की अजिंठ्याचा दुसरा टप्पा शेकडो वर्षं रेंगाळला नाही, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इसवी सन ४६० ते ४८० च्या आसपास, धडाधड उरकला गेला. सगळ्यांना हे पटलेलं नाही, अजून भांडणं चालू आहेत. पण दाराच्या भोकावरून राजाच्या कारकिर्दीपर्यंत पोचायचं, हे ज्याला भारी वाटतं त्याचा हा विषय.

पहिली पायरी: फॉर्म भरायच्या आधी वेरूळला एक दिवस घाला

अॅडमिशनचं नंतर. आधी स्वतःला तपासा, खर्च एसटीचा आणि तिकिटाचा. वेरूळला ३४ लेण्या आहेत, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळ्या बघायच्या नाहीत. फक्त चार बघा: १४, २१, २९ आणि १६, म्हणजे कैलास. चारही ठिकाणी एकच गोष्ट कोरलीय, रावण कैलास पर्वत हलवतोय आणि वर शंकर-पार्वती बसलेत.

आता एकेका शिल्पासमोर निदान अर्धा तास बसायचं. मोबाइल खिशात. वही काढायची आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं, पुराणातली गोष्ट लिहायची नाही, ती आपल्याला आजीने सांगितलेलीच आहे. रावण किती मोठा आहे? शंकराच्या मानाने केवढा? तो दगडातून किती बाहेर आलाय? पार्वती काय करतेय? कैलासमधल्या दक्षिण बाजूच्या शिल्पात बघा, रावण खाली खोल कोरलेल्या पोकळीत आहे, जवळजवळ सुटाच, त्याचे हात चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेत आणि त्या पोकळीत अंधार साठून राहतो. वर पार्वती दचकून शंकराला धरतेय, एक दासी पाठ करून पळत सुटलीय, आणि शंकर मात्र निवांत. म्हणजे खालून वर जाताना अंधार, धडपड, घाबरणं आणि मग शांतता. हे सगळं कोरणाऱ्याने सावलीच्या जोरावर केलंय. आता २१ किंवा २९ मध्ये या, ही लेणी कैलासच्या आधीची, साधारण सहाव्या शतकाच्या आसपासची, आणि बघा तिथं ही खोली तेवढी आहे का, सावली हेच काम करते का, का तिथं आकृत्यांच्या मांडणीवर जास्त भर आहे. उत्तर मी सांगत नाही, जाऊन बघा.

घरी आल्यावर दोन पानं लिहा, दोन शिल्पांत काय सारखं, काय वेगळं, आणि का असेल. ही दोन पानं लिहिताना मजा आली तर विषय तुमचा. जीवावर आलं तर काही बिघडलं नाही, टूरिझम आहे, आर्किटेक्चर आहे, पुरातत्त्व आहे, वेरूळ कुठं पळून जात नाही.

दुसरी पायरी: कुठं शिकायचं

आता खरं बोलायचं तर आपल्या मराठवाड्यात निव्वळ कलेतिहासाची पदवी देणारं कॉलेज शोधत बसू नका. संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथं बीएफए (फाइन आर्ट्सची पदवी) करता येतं, त्यासाठी राज्याची एएसी सीईटी द्यावी लागते, आणि बीएफएमध्ये कलेचा इतिहास व सौंदर्यशास्त्र हे थिअरी पेपर असतात. पण ती पदवी चित्रकाराची किंवा उपयोजित कलेची, इतिहास तिथं जेवणातल्या लोणच्याएवढा. ज्याला चित्रही काढायचंय आणि वाचायचंही आहे त्याला हे उत्तम.

निव्वळ हाच विषय पाहिजे असेल तर बाहेर पडावं लागतं. माझ्या मते पहिला नंबर बडोद्याचा, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी. १९५० सालची संस्था, तिथं बीव्हीए (व्हिज्युअल आर्ट्सची पदवी) करताना कलेतिहास हाच मुख्य विषय घेता येतो. गावात मराठी कानावर पडतं, गायकवाडांचं संस्थान होतं ना, त्यामुळं पहिल्या महिन्यात घरची आठवण जरा कमी येते. दुसरं शांतिनिकेतनचं कलाभवन, टागोरांनी १९१९ मध्ये काढलेलं, चित्रकार नंदलाल बोस तिथं शिकवायचे. आणि हेच नंदलाल बोस तरुणपणी, १९०९ ते ११ च्या दरम्यान, ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅमच्या टीमबरोबर अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. म्हणजे आधी कलाभवनच इकडं येऊन गेलंय, आता तुम्ही तिकडं जा.

दिल्लीचं कॉलेज ऑफ आर्ट, बनारस हिंदू विद्यापीठाचा कलेतिहास विभाग, बंगळुरूचं चित्रकला परिषद, हेही बघा. दिल्लीला सचखंड एक्सप्रेस नांदेड-परभणी-जालन्यावरून थेट आहे, नांदेडहून बंगळुरूलाही थेट गाडी आहे, बोलपूरला मात्र भुसावळ गाठून हावड्याकडं जाणारी गाडी धरावी लागते आणि आई स्टेशनवर रडते.

प्रवेश परीक्षा प्रत्येकाची वेगळी. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी लागते, काही ठिकाणी संस्थेची स्वतःची परीक्षा असते आणि तिथं सहसा लिहून दाखवावं लागतं, मुलाखतही होते. मुलाखतीत "अजिंठा आवडतं" एवढंच सांगितलं तर समोरचे हसून मान डोलावतात आणि पुढचा उमेदवार बोलावतात. वर सांगितलेली दोन पानं सोबत असली तर बोलायला काहीतरी असतं. फॉर्म निघायच्या तारखा दरवर्षी हलतात, म्हणून बारावीच्या दिवाळीपासूनच वेबसाइट बघायची सवय लावा, निकालाची वाट बघत बसलात तर काही ठिकाणचे फॉर्म संपून गेलेले असतात.

बाहेर जाणं जमतच नसेल तर

हा दुय्यम रस्ता आहे असं मानू नका, बऱ्याच चांगल्या अभ्यासकांनी असंच केलंय. जवळच्या कॉलेजात इतिहास घेऊन बीए करा, सोबत इंग्रजी किंवा संस्कृत असा एखादा विषय ठेवा, आणि एमएला कलेतिहासात उडी मारा. एमएसाठी दरवाजे बरेच उघडतात: बडोदा, दिल्लीच्या जेएनयूमधलं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स, नोएडाची भारतीय वारसा संस्था, जी आधी नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट होती. पुरातत्त्वाकडं ओढा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास आणि प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग आहे, विद्यापीठाचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे आणि औरंगाबाद लेण्या तर कॅम्पसच्या मागच्या डोंगरातच. सातव्या लेण्यातल्या बायकांच्या मूर्ती बघायला जगभरातून लोक येतात आणि आपली पोरं मकबऱ्यावरून परत फिरतात.

या तीन वर्षांत फक्त परीक्षेपुरतं वाचलं तर मात्र एमएला गेल्यावर बाकीच्यांच्या मागं पडाल. म्हणून दर महिन्याला एक जागा, एक टिपण, हा नियम घालून घ्या.

तिसरी पायरी: कागदं

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथंच पोरं अडकतात म्हणून नीट वाचा. केंद्रीय विद्यापीठात राज्याचं ओबीसी प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं, आणि ते चालू आर्थिक वर्षाचं मागतात. आपल्याकडं व्हीजेएनटीत येणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत, तर यादीत आपलं नाव कुठं आहे ते आधीच बघून ठेवा. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं, बाहेर त्याचा उपयोग नाही. बारावी बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते विभागीय मंडळाकडून, म्हणजे परभणी, बीड, जालना, हिंगोलीवाल्यांना संभाजीनगर आणि लातूर, नांदेड, धाराशिववाल्यांना लातूर. महाडीबीटीवरच्या योजना मुख्यतः राज्यातल्या कॉलेजांसाठी असतात, तेव्हा राज्याबाहेर जाणार असाल तर समाजकल्याण कार्यालयात आधी जाऊन विचारा आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलही चाळा. सेतूमध्ये जूनमध्ये किती गर्दी असते ते सांगायची गरज नाही, एप्रिलमध्येच उरकून घ्या.

चौथी पायरी: पहिल्या वर्षाची तयारी इथूनच

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त दमवते ती स्लाइड टेस्ट. पडद्यावर चित्र येतं, दोनेक मिनिटं राहतं आणि तुम्ही लिहायचं: काय आहे, कुठलं, कधीचं, कोणाच्या काळातलं, कशापासून. उदाहरणार्थ: पद्मपाणी बोधिसत्त्व, अजिंठा लेणं क्रमांक १, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक काळ, मातीच्या गिलाव्यावर रंग. यातलं शेवटचं महत्त्वाचं, कारण भलेभले लोक अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणतात. फ्रेस्कोमध्ये चुन्याचा थर ओला असतानाच रंग लावतात आणि तो थराबरोबर पक्का होतो. अजिंठ्याला भिंतीवर माती, साळीचा भुसा, गवताच्या काड्या असलं मिसळून लेप दिला, वर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे सगळं आसपासचं, पण निळा रंग लाजवर्दाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. म्हणजे एका निळ्या ठिपक्यात व्यापाराचा अख्खा रस्ता आहे. अशा ठिकाणी थांबायची सवय लागली की स्लाइड पाठ करावी लागत नाही, ती लक्षात राहते.

इंग्रजीचं टेन्शन सगळ्यांनाच असतं. शिकवणं, वाचणं, पेपर लिहिणं सगळं इंग्रजीत, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सहामाही सत्र जड जातं हे खरंय. उपाय एकच, मराठीत विचार पक्का करा. अधिष्ठान, जंघा, द्वारशाखा, अंतराळ, वितान हे मंदिराच्या भागांचे शब्द तर तिकडच्या प्राध्यापकांनाही असेच्या असे वापरावे लागतात, आणि तुम्ही ते मंदिरात उभं राहून शिकलेले असलात तर दिल्लीच्या कॉन्व्हेंटवाल्या पोरापेक्षा एक पाऊल पुढंच आहात. रोज इंग्रजी लेखाची दोन पानं वाचा, कळो न कळो.

वाचायला कुठून आणायचं? आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं अजिंठा-वेरूळवरचं जुनं सरकारी काम निजामाच्या पुरातत्त्व खात्याचं आहे, गुलाम याझदानी तिथले संचालक होते. त्या खात्याचे जुने वार्षिक अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात, तुमच्या तालुक्यातलं एखादं मंदिर त्यात सापडलं की अंगावर काटा येतो. जेस्टोर या संशोधन लेखांच्या साइटवर फुकट खातं उघडून महिन्याला ठरावीक लेख ऑनलाइन वाचता येतात. आणि हैदराबादला एक चक्कर माराच, देवगिरी एक्सप्रेसने जा, तिथल्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला लावल्यात, आज लेण्यात जे पुसट झालंय ते तिथं बघायला मिळतं. नकलांचीही मोठी कथा आहे, रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं बसून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, नंतर मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स यांच्याबरोबर केलेल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत गेल्या. दोनदा!

जवळचं बघा, लोकांनी न बघितलेलं बघा

हा माझा आवडता मुद्दा, म्हणून जरा लांबतो. अजिंठ्यावर लिहिणारे हजार आहेत, तुम्ही हजार एकावे. पण जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातलं अन्वा, अजिंठ्याच्या रस्त्यावर गोळेगावपासून आत वळलं की येतं, तिथल्या मढावर, म्हणजे जुन्या मंदिरावर, विष्णूच्या शक्तीरूपांच्या मूर्ती बाहेरच्या भिंतीवर आहेत, स्त्रीरूप आणि हातात विष्णूची आयुधं. कोणत्या हातात शंख, कोणत्या हातात चक्र, याचा क्रम लावत गेलं की कोणती मूर्ती कोणाची ते उलगडतं. आख्खा दिवस जातो आणि कळतही नाही. नांदेडकडं देगलूर तालुक्यात होट्टल आहे, चालुक्यांच्या काळातली मंदिरं. परभणीकडं जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, बीडकडं धर्मापुरी आणि अंबाजोगाई, लातूरकडं निलंगा आणि खरोसा. धाराशिवचं तेर, म्हणजे ग्रीक खलाशाच्या टिपणात आलेलं तगर, तिथं मागून गोल पाठीचं विटांचं त्रिविक्रम मंदिर उभं आहे आणि लामतुरे संग्रहालयात उत्खननातल्या आणि शेतात सापडलेल्या वस्तू मांडल्यात.

एकच सांगून ठेवतो, काळा दगड दिसला की हेमाडपंती म्हणून मोकळं होऊ नका. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मंत्री, आणि आपल्याकडची बरीच मंदिरं त्याच्या आधीची आहेत. मुलाखतीत हा शब्द सैल वापरला तर पुढचे दहा मिनिटं त्यावरच जातात. तसंच बीबी का मकबऱ्याला ताजची स्वस्त नक्कल म्हणून सोडून देऊ नका, संगमरवर कुठपर्यंत आहे, कुठून गिलावा सुरू होतो आणि त्या गिलाव्यातलं नक्षीकाम किती बारीक आहे ते बघा. पैठणी आणि हिमरूसुद्धा या विषयात येतात, मागावर बसलेल्या माणसाशी बोललात तर त्याचंही टिपण होतं.

फोटो काढताना एक शिस्त पाळा: आधी लांबून पूर्ण वास्तू, मग भिंत, मग मूर्ती, मग हात-आयुधं. आणि वहीत दिशा लिहा, दक्षिण भिंत का उत्तर. नुसते क्लोजअप घरी आल्यावर कशाचे होते तेच कळत नाही. मूर्तीवर पाणी मारायचं नाही, खडू लावायचा नाही, अजिंठ्यात फ्लॅश मारायचा नाही. पुजाऱ्याला आधी विचारा, गावातल्या एखाद्या जुन्या माणसाशी बोला, शेंदूर कधी लागला, मूर्ती आधी कुठं होती, हे कुठल्याच अहवालात नसतं.

घरी काय सांगायचं

"नोकरी काय लागते?" खोटं बोलू नका. इंजिनिअरिंगसारखा कॅम्पस प्लेसमेंट नाही, आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पदवीवर थांबलात तर पर्याय थोडे, एमएपर्यंत जायचं हे आधीच धरून चला. पुढं संग्रहालयं, मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्या आणि लिलावसंस्था, जतन-संवर्धन, वारसा प्रकल्पांची नोंदणीची कामं, प्रकाशन, आणि नेट देऊन प्राध्यापकी, नेटमध्ये व्हिज्युअल आर्ट विषयात कलेतिहास येतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं जायचं असेल तर पदव्युत्तर पदवी इतिहास-पुरातत्त्वाच्या बाजूची लागते, ते लक्षात ठेवून विषय निवडा. परवानाधारक गाइड हा आपल्या भागातला सगळ्यात दुर्लक्षित पर्याय, अजिंठ्याला जपानी, कोरियन पाहुणे येतात, विषयाची पदवी आणि एक परकी भाषा असलेला माणूस तिथं उपाशी राहत नाही. वडील यूपीएससीवर अडले असतील तर सांगा की कला-संस्कृती तिथल्या अभ्यासक्रमात आहेच.

आणि उद्याच निघणार असाल तर वार बघून निघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला सोडून पुढं बसने जावं लागतं, म्हणून सकाळी लवकर पोचा, आणि टॉर्च घेऊच नका, डोळ्यांना पाच मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, मग भिंत आपोआप दिसायला लागते.